सतरंजीखालचा पेन प्लॉटर चालू करायचाय (बडोदा), शिवाय जुन्या प्लॉटर-प्रिंटरच्या गप्पा

रावपुरा_रिटर्न्स

मंडळी, आधी काम सांगतो, मग पाल्हाळ.

मामांचं ड्रॉइंग ऑफिस रावपुऱ्यात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. गेली पाच-सहा वर्षं नुसतं कुलूप. आता जागा खाली करून द्यायची म्हणून गेल्या रविवारी आम्ही तिघं भाचे पदर खोचून गेलो. मागच्या खोलीत दोन सतरंज्यांखाली एचपीचा ड्राफ्टप्रो निघाला. पेन प्लॉटर, म्हणजे कागदावर खरं पेन फिरवून ड्रॉइंग काढणारं मशीन, ए-वन मापाचा, आठ पेनांचा, स्टँडसकट. झाकणाला तडा गेलाय, एक चाक गायब आहे, पण वायरी उंदरांनी सोडल्यात. भीत भीत प्लग लावला. दिवा लागला, पेनचा गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा जाऊन आला आणि कागदाची वाट बघत गप्प बसला. तीस वर्षांपूर्वी अगदी अस्साच बसायचा.

मामा आता ७८चे. "भंगारवाल्याला दे, वजनावर जाईल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर स्वतःच जुन्या बनियनच्या फडक्याने पुसत बसलेले.

प्रश्न तीन. याला जोडायची ती जुनी सीरियल वायर आजच्या लॅपटॉपला कशी लावायची? पेनं सगळी वाळून दगड झालीत, काय वापरायचं? आणि कागद कोणता?

आता पाल्हाळ. १९९३ची उन्हाळ्याची सुट्टी, मी दहा वर्षांचा. मामांनी मला कामाला लावलं होतं. काम म्हणजे प्लॉटरशेजारी स्टुलावर बसायचं आणि रेघ फिकट पडली की ओरडायचं. कारण शाई संपल्याचं मशीनला कळायचं नाही. कोरडं पेन घेऊन ते तितक्याच इमानाने तासभर ट्रेसिंग पेपरवर फिरत राहायचं, आणि शेवटी हातात काय, तर नुसते ओरखडे. ओरडल्याचा पगार संध्याकाळी शेवउसळ, वर जादा तर्री.

अजून डोळ्यांसमोर आहे ते म्हणजे चित्र उमटायची तऱ्हा. पेन बदलायला वेळ जातो म्हणून एका पेनचं सगळं काम आधी उरकायचं, मग दुसरं पेन. पहिलं पेन सगळ्यात बारीक, त्यामुळे आधी उमटायची ती मापं. अख्ख्या कागदावर बाण, आकडे, मधल्या रेघा, आणि मोजायला काहीच नाही! अर्धा तास मी अंदाज बांधत बसायचो की ही १२०० कशाची, आणि ही ४५० कशाची. मग गाडा कोपऱ्यात जाऊन पेन बदलून यायचा आणि त्या आकड्यांच्या मधोमध एक टाकी उभी राहायची. कागद मागेपुढे, पेन डावीउजवीकडे, दोघांच्या जुगलबंदीतून गोल कसा निघतो ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं, पण पटत नाही.

ज्यांनी हे प्रकरण हाताळलंय त्यांनी बोला.

सीरियल_नंबर

सतरंजी टाकून ठेवणाऱ्या मामांना दंडवत. धुळीने जातात ही मशिनं.

वायरीचं आधी. यूएसबी-टू-सीरियल मिळते, जरा बऱ्यातली घ्या. एका बाजूची दोन आणि तीन नंबरची पिन दुसऱ्या बाजूला उलटसुलट जोडावी लागते का, ते मॅन्युअल बघून ठरवा. साधी सरळ वायर लावून "मेलाय" असं जाहीर करणारे पुष्कळ पाहिलेत. वेग ९६०० ठेवा, दोन्हीकडे तोच.

आता खरी मेख. प्लॉटरची स्मरणशक्ती अगदीच तोकडी. लॅपटॉप भसाभस हुकूम सोडतो, पेन आपल्या चालीने चालतं. म्हणून प्लॉटरने मध्येच "थांब जरा" आणि मग "हं, येऊ दे" असं सांगायची सोय आहे, तिला एक्सऑन-एक्सऑफ म्हणतात. ती चालू केली नाही तर मधले हुकूम गळतात. गळालेला हुकूम "पेन उचल" हा असला तर काय होईल? तीन तासांच्या ड्रॉइंगवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक सणसणीत तिरकी रेघ. आमच्या ऑफिसात त्या रेघेला "सासूबाई आल्या" म्हणत.

तपासायला मोठं ड्रॉइंग पाठवू नका. एचपी-जीएल ही भाषा हाताने लिहिता येते. आयएन म्हणजे जागा हो, एसपी१ म्हणजे एक नंबरचं पेन घे, पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली, पुढे एक्स आणि वाय. ४० एकक म्हणजे एक मिलिमीटर. दहा सेंटिमीटरचा चौकोन काढायचा तर ४००० एककं जा, वळा, परत ४०००. (टाइप रोमनमध्ये करा, देवनागरी त्याला कळत नाही.) मोठ्या एचपी प्लॉटरांमध्ये शून्य कागदाच्या मधोमध असतं, कोपऱ्यात नाही, तेव्हा चौकोन मध्येच उमटला तर दचकू नका.

चौकोन निघाला की मला कळवा. आणि कृपा करून पट्टीने मोजा.

फतेगंज_फास्ट

शेवउसळीचा उल्लेख केल्याबद्दल धागाकर्त्याचा निषेध. मी पुण्यात आहे. रात्रीचे अकरा वाजलेत.

अर्धं_ब्लेड

मी निवृत्त ट्रेसर, म्हणजे ड्रॉइंगं ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवणारा. १९७४ साली लागलो, तेव्हा प्लॉटर हा शब्दही आमच्या ऑफिसात कुणी ऐकला नव्हता. कोयलीची रिफायनरी १९६५पासून चालू, शेजारी खतांचा कारखाना, पुढे पेट्रोकेमिकल्सचं संकुल. त्यामुळे बडोद्यात ड्रॉइंग ऑफिसं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली होती. दांडिया बाजार, वाडी, रावपुरा इथल्या मराठी घरांतून घरटी एक तरी माणूस बोर्डावर वाकलेला असायचा. आमच्या ऑफिसात चाळीस बोर्ड होते.

नाव असं का, ते सांगतो. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली तर रबराने जात नाही. दाढीचं ब्लेड मध्ये मोडायचं, अर्धं हातात धरायचं आणि शाई खरवडायची. कागद नाही, शाई. कागदाचा वरचा थर निघाला की तिथे पुन्हा रेघ ओढली की पसरलीच. मग नखाने ती जागा घासून गुळगुळीत करायची. डाव्या अंगठ्याचं नख मी त्यासाठीच राखलं होतं. लग्नात सासऱ्यांनी विचारलं होतं, हे एकच नख का वाढवलंय म्हणून.

प्रती काढायच्या म्हणजे अमोनिया. मागे एक काळोखी खोली, तिथे ते मशीन. ट्रेसिंगखाली पिवळसर कागद ठेवून दिव्यापुढून न्यायचं. जिथे उजेड पोचला तिथलं रसायन मरतं, रेघेच्या सावलीतलं उरतं. मग अमोनियाच्या वाफेत गेलं की उरलेलं निळं होतं. त्याच्याही आधीचं ते खरं ब्ल्यूप्रिंट, निळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा, लोखंडाच्या क्षारांचं, हर्शेलने १८४२मध्ये शोधलेलं. ते मी फक्त जुन्या कपाटांत पाहिलं. आम्ही मात्र सरसकट सगळ्यालाच ब्ल्यूप्रिंट म्हणत असू. त्या खोलीत जो पोरगा काम करायचा त्याचे डोळे कायम लाल. सर्दी झाली की सगळे तिकडे चक्कर मारून यायचे, दोन मिनिटांत नाक मोकळं!

कागदाचं विचारलंत. ट्रेसिंग घ्या, ९० ग्रॅमच्या आसपासचा. पण एक लक्षात ठेवा, गुंडाळी उघडली आणि लगेच मशीनला लावली असं करू नका. कागद आदल्या रात्री त्याच खोलीत पसरून ठेवायचा. बडोद्याच्या पावसाळी हवेत ट्रेसिंग फुगतो, आणि पंखा लावला की आकसतो. मशीन चालू असताना तो हलला तर रेघ रेघेला भेटत नाही. आमच्याकडे प्लॉटर आला तेव्हा इंजिनिअर लोक महिनाभर मशीनला शिव्या देत होते. मी सांगितलं कागदाचं. ट्रेसरचं कोण ऐकतो.

रेषाबाई

पेनांबद्दल मी सांगू शकते, फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग केलंय आणि दोन वर्षं अशाच एका छोट्या एचपीवर चित्रं काढते आहे.

जुनी पेनं विसरा. बाजारातलं साधं फाइनलायनर घ्या आणि त्याला प्लॉटरच्या पेनच्या मापाचा एक गळपट्टा थ्री-डी प्रिंट करून घ्या. त्याच्या फाइली नेटवर फुकट आहेत. टोकाची उंची मात्र जुन्या पेनइतकीच हवी. अर्धा मिलिमीटर खाली राहिलं तर पेन उचलल्यावरही कागदाला चाटत जातं. आणि वेग कमी ठेवा, व्हीएस हुकूम त्यासाठीच आहे. फाइनलायनरला सेंटिमीटर-सेंटिमीटरची सवय, त्याला धावायला लावलं की शाई मागे राहते.

मामांकडे खरी शाईची टेक्निकल पेनं असतील तर टाकू नका. कोमट पाण्यात रात्रभर भिजवली तर कधीकधी जिवंत होतात. पण आतली बारीक तार बाहेर काढू नका. परत घालताना वाकलीच म्हणून समजा.

एक अवांतर. या मशिनांकडे तुम्ही सगळे कामाचं जनावर म्हणून बघताय, पण चित्रकारांनी ती फार लवकर पळवली. १९६५च्या फेब्रुवारीत गेओर्ग नेस यांनी श्टुटगार्टला संगणकाने काढलेल्या रेखाचित्रांचं प्रदर्शन लावलं, तेही प्लॉटरवरच काढलेलं. पॅरिसच्या वेरा मोल्नार १९६८पासून हेच करत होत्या. चौकोन घ्यायचा, प्रत्येक वेळी थोडासा बिघडवायचा आणि कुठवर तो चौकोन वाटतो ते बघायचं. २०२३मध्ये गेल्या, शंभरीला टेकल्या होत्या. इंकजेटवर तीच चित्रं छापून पाहिलीत मी. रंग तोच, जागा तीच, पण मेलेली दिसतात. पेन कागदावर टेकतं तिथे शाईचा एक बारीकसा ठिपका साचतो, उचलतं तिथे दुसरा. रेघेला सुरुवात आणि शेवट असतो. इंकजेटच्या रेघेला दोन्ही नसतं.

सीरियल_नंबर

वा, ठिपक्याचं भारी. आम्ही त्या ठिपक्यांच्या नावाने बोटं मोडायचो.

रेघेवरून आठवलं. १९९१मध्ये एचपीने पहिला डिझाइनजेट आणला, मोठ्या कागदाचा इंकजेट, काळापांढरा. दोन वर्षांनी रंगीत ६५०सी. आमच्या ऑफिसात तो आल्यावर महिनाभरात एक गोष्ट बदलली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही. पेन प्लॉटरवर कोरा कागद क्षणात निघतो आणि गच्च भरलेलं ड्रॉइंग दोन तास घेतं. इंकजेटला दोन्ही जवळपास सारखंच, तो एका कडेकडून पट्टे मारत जातो, पट्ट्यात काही असो वा नसो. म्हणजे पेनच्या काळात रेघ महाग होती. भिंतीच्या पोटात आडव्या-तिरक्या रेघा भरायच्या तर साहेब म्हणायचे, कडेला चार मार, बाकी समजतं. इंकजेट आला आणि रेघ फुकट झाली. मग काय, प्रत्येक भिंतीत विटा, प्रत्येक झाडाला पानं, नळाच्या तोटीला सुद्धा सावली. ड्रॉइंगं देखणी झाली, वाचायला अवघड झाली.

अर्धं_ब्लेड

सीरियलराव, अर्धंच बरोबर. हाताच्या काळात रेघ त्याहून महाग होती. दोन तास कसले, माझी दोन दिवसांची कंबर त्यात असायची! आणि रेघा कमी ठेवायची शिस्त मशिनीने लावली नाही, ती लावली चेकरने. आमच्याकडे एक चेकर होते. प्रिंटवर एकेका मापावरून पिवळी पेन्सिल फिरवत जायचे, म्हणजे हे बघितलं, बरोबर आहे. चूक असेल तिथे लाल. ज्या रेघेवर पिवळं फिरवायला त्यांना कारण सापडत नसे तिच्यावर लाल, आणि समासात एकच शब्द, "कशाला?" तो माणूस निवृत्त झाला आणि त्याच सुमारास डिझाइनजेट आला. दोष तुम्ही प्रिंटरला देताय.

सीरियल_नंबर

मान्य. "कशाला?" हा शिक्का बनवून घेतो. ऑफिसच्या ईमेलवरही चालेल.

कोयली_जनरल_शिफ्ट

ऑफिसवाल्यांचं झालं असेल तर साइटवाल्यांचंही ऐका. आम्हाला ड्रॉइंग मिळायचं ते अमोनिया प्रिंट. बोनेटवर पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार विटा. मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर वापरलं की निळ्या रेघा फिकट होत होत कागद पुन्हा कोरा व्हायच्या वाटेवर. मग ज्याला पाठ असेल त्याला विचारायचं.

त्यानंतर रंगीत इंकजेटच्या प्रिंटा आल्या. पहिल्याच दिवशी माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब पडला तो बरोबर एका व्हॉल्व्हच्या नंबरावर. ८चा झाला गुलाबी ढग. त्या शाया पाण्यात विरघळणाऱ्या होत्या, पुढे पिग्मेंटच्या आल्या तेव्हा जरा सुधारलं. पण त्या थेंबापासून मी खिशात प्लॅस्टिकची पिशवी ठेवायला लागलो.

याचा खरा निकाल लागला ऑगस्ट २०२४ला. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आमच्या तळमजल्यात कंबरेएवढं. (मगर आली नव्हती. सगळे हेच विचारतात.) पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं. निवृत्तीनंतर आठवण म्हणून ठेवलेली ड्रॉइंगं होती. इंकजेटच्या प्रिंटांचा एकच गठ्ठा झाला होता, मोरपिशी आणि जांभळा, पानं सुटेनात. अमोनियाच्या प्रिंटांचा लगदा. आणि सगळ्यात तळाशी, गाळात, पॉलिएस्टरच्या फिल्मवर पेन प्लॉटरने काळ्या शाईत काढलेली चार ड्रॉइंगं. बायकोने ती नळाखाली धरून धुतली, साडी धुवावी तशी, आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. एक रेघ हलली नव्हती. खालचा कोपरा तेवढा पिवळा पडलाय. सध्या त्यातलं एक फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. पाहुणे विचारतात हे कसलं. मी म्हणतो पंप हाउस.

अर्धं_ब्लेड

त्या फिल्मवर साधी स्टीलची निब चालायची नाही, फिल्म तिला कानशीसारखी घासून खायची. रत्नाचं नाहीतर कार्बाइडचं टोक लागायचं. ते पेन साहेबांच्या कुलपात असायचं, रजिस्टरवर सही करून घ्यायचं. पंप हाउस कुणाच्या हातचं आहे बघा, कोपऱ्यात आद्याक्षरं असतील. इथे लिहू नका, मला खासगीत कळवा.

फ्लेक्सभाई

धाग्याच्या नावात प्रिंटर पण आहे म्हणून घुसतो. माझं फ्लेक्सचं काम, मशीन दहा फुटी. तुमच्या ए-वनला आमच्याकडे व्हिजिटिंग कार्ड म्हणतात :)

लोकांना वाटतं एवढं मोठं छापायचं म्हणजे फाइल केवढी लागत असेल. उलट आहे. तुमचं लग्नाचं कार्ड ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, मागतं, माझा वीस फुटी बॅनर ७२वर मस्त दिसतो, कारण तो तुम्ही रस्त्याच्या पलीकडून बघता. जवळ जाऊन बघाल तर हनुमानाच्या नाकावर बटाट्याएवढे ठिपके. मुलगा बारावीला असताना त्याला मी हेच सांगितलं, लांबून बघ, बरं दिसेल. त्याने ऐकलं नाही.

आता माझी फजिती. गणपतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट, वर्ष सांगत नाही. एका मंडळाचा बॅनर, वीस बाय दहा, गुजराती मजकूर. फाइल आली रात्री साडेबाराला, वर फोन, "भाई, सवारे तो जोईशे ज" (सकाळी तर हवाच). हे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे अक्षरांच्या जागी इंग्रजी एबीसीडी, डॉलर आणि कंस उमटतात. म्हणून आम्ही सगळ्यांना बजावत असतो, मजकूर कर्व्ह करून पाठवा, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि फॉन्टची भानगडच राहत नाही. यांनी अर्धा कर्व्ह केला होता. मोठं नाव ठीक, खालचे पाच शब्द तसेच. मी पेंगत, ऑपरेटर पेंगत. पट्ट्यापट्ट्याने छापला, आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) मारल्या, पहाटे पोरं घेऊन गेली आणि चौकात टांगला.

सहा वाजता मी चहा प्यायला बाहेर पडलो. बाप्पाचा फोटो झक्कास. खाली फूटभर अक्षरांत डॉलर, कंस, उलटं स्वल्पविराम, पुन्हा डॉलर. एक आजोबा मान वर करून वाचायचा प्रयत्न करत होते. मला म्हणाले, "इंग्लिशमां छे?" मी हो म्हटलं. काय करू?

नवा पट्टा छापून वरून शिवला, पदरचे पैसे. तेव्हापासून आमच्याकडे नियम, छापण्याआधी ऑपरेटरने मजकूर मोठ्याने वाचायचा. वाचता आला नाही तर छापायचा नाही. ऐकणारे हसतात, हसू देत.

पेंटर लोकांचंही लिहिणार होतो, पण ते वेगळ्या धाग्याचं काम आहे. आमच्या मशिनने ज्यांची कामं गेली त्यातले दोघं माझ्याकडेच आयलेट मारायला होते. ते बॅनरकडे बघायचे नाहीत.

काळाघोडा_सर्कल

बडोद्याचा आणि छपाईचा विषय निघाला आणि कलाभवनाचं नाव नाही? सयाजीरावांनी १८९०मध्ये काढलेल्या कलाभवनातच दादासाहेब फाळके शिकले. पुढे त्यांनी राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम केलं, म्हणजे सिनेमाच्या आधी छपाईच. आणि रविवर्म्यांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रं काढली होती. लिथो म्हणजे दगडावरून छपाई, त्यात दर रंगाला एक दगड. तुमच्या प्लॉटरला दर रंगाला एक पेन. हिशेब तोच, वजन तेवढं कमी झालं.

फतेगंज_फास्ट

दगडावरून आठवलं, धागाकर्त्याची पेनं भिजली का?

रावपुरा_रिटर्न्स

भिजली. आठातली तीन जिवंत झाली, रेषाबाईंचे आभार. तार काढू नका म्हणालात, एकाची काढली. वाकली.

काल संध्याकाळी बसलो. वायर पहिल्यांदा जोडली तेव्हा काहीच नाही. दोन आणि तीन उलटसुलट केल्या आणि आयएन पाठवल्याबरोबर गाडा असा दचकून हलला की मीही दचकलो. मग एसपी१. कोपऱ्यात गेला, पेन उचललं, "खट्". तो आवाज मी विसरलो होतो हे मला तो ऐकल्यावर कळलं.

दहा सेंटिमीटरचा चौकोन. तीन बाजू झकास. चौथी बाजू जिथून निघालो होतो तिथे परत आली आणि भेटली नाही. केसभर अंतर राहिलं. पट्टीने मोजलं, एक बाजू १०० मिलिमीटर, दुसरी ९९च्या थोडी वर. मी म्हटलं संपलं, चाकं झिजली असणार.

मामा खुर्चीतून उठले. कागद खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरला, त्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. (अर्धं_ब्लेड काका, तेच नख! त्यांचंही वाढवलेलं आहे. मला आजवर वाटायचं सवय.) मग म्हणाले, "गुंडाळी कधी उघडलीस?"

"आत्ताच."

"आणि पंखा?"

पंखा पाचवर.

काही बोलले नाहीत. पंखा बंद केला, दुसरा कागद मापाने कापला, जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार जुनी रजिस्टरं ठेवली आणि म्हणाले, "उद्या ये."

आज गेलो. खोलीत घामाच्या धारा, पण चौकोन भेटला. नंतर मामांनी कपाटातून एक फ्लॉपी काढून दिली, ती वाचायला आता माझ्याकडे काही नाही. तेव्हा सीरियलराव, तो प्रश्न चौथा.

आणि पाचवा जास्त निकडीचा. महिनाअखेर जागा सोडायची आहे. स्टँडचे बोल्ट गंजून एकजीव झालेत, सुटत नाहीत, आणि स्टँडसकट तो जिन्याच्या वळणावर अडतो. मग चढवला कसा होता? मामा म्हणतात, गॅलरीचा कठडा काढून, दोर लावून, खंडेराव मार्केटमधले चार हमाल आणून खालून वर ओढला होता. खाली रहदारी थांबवून एक माणूस छत्री धरून उभा होता, प्लॉटरवर पाऊस पडू नये म्हणून.

कठडा अजून तोच आहे. माणसं आहेत का कुणाकडे?

फ्लेक्सभाई

रविवारी सकाळी सातला माझी पोरं आणि वीस फुटी दोर घेऊन येतो. होर्डिंग चढवणारी पोरं आहेत, घाबरू नका. ग्राइंडर पण आणतो, बोल्ट कापून बघू आधी. शेवउसळ तुमच्याकडे, जादा तर्री.

अर्धं_ब्लेड

मीही येतो. उचलायला नाही. पेनं आधी काढून घ्या आणि झाकणं लावा, नाहीतर उतरेपर्यंत पुन्हा वाळतील.